सावकाश धावणाऱ्यांचा हिशेब

मुंबई मॅरेथॉनमध्ये दरवर्षी एक गंमत घडते. हौशी धावक पहाटे अंधारात सुटतात, व्यावसायिक धावपटू त्यांच्यानंतर दीड-दोन तासांनी. तरीही त्यांतला पहिला धावपटू बऱ्याच हौशी मंडळींच्या आधी शेवटची रेघ ओलांडून, मुलाखत देऊन मोकळा होतो. मागे राहिलेल्यांना याचं वैषम्य नसतं. तुमची स्पर्धा कोणाशी, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : स्वतःशी. ऐकायला छान, पण त्यानं फारसं काही कळत नाही. स्वतःशी स्पर्धा करणारा हा माणूस पहिली दोन वर्षं भराभर सुधारतो, तिसऱ्या वर्षी अडतो, चौथ्या वर्षी टाच धरून बसतो आणि पाचव्या वर्षी एक तर सायकल विकत घेतो, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. पहिल्या मेडलविषयी आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. त्यापुढच्या वर्षांकडे फारसं कोणी बघत नाही.

धावण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली माणसं पाहून दोराबजी टाटांनी यांना ऑलिम्पिकला धाडायचं मनावर घेतलं. १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला जे छोटं भारतीय पथक गेलं, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. त्या वर्षीचं अंतर आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षाही जास्त, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होतं. मनगटावर उपग्रहाशी बोलणारं घड्याळ आणि पायांत फोमचे बूट घालून धावणाऱ्या आपल्यातल्या फारच थोड्यांना ही वेळ आज गाठता येते.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, पण तिच्यामुळे मध्यमवर्ग रस्त्यावर आला असं म्हणता येणार नाही. तो आला २००४ साली, मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यावर. पुढे २०१२ला साताऱ्याची हिल मॅरेथॉन आली, वसई-विरार आली आणि मग प्रत्येक जिल्ह्याला आपली एक मॅरेथॉन हवीशी वाटू लागली. आज नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात राज्यात कुठे ना कुठे शर्यत नाही असा रविवार शोधावा लागतो. हौशी धावकाच्या चढउताराचं पहिलं कारण मला इथेच दिसतं. शर्यती इतक्या झाल्या की तयारीला आठवडेच उरले नाहीत.

त्याआधी, कोणत्या धावकाबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करायला हवं. महाराष्ट्रात पहाटे दोन प्रकारची माणसं धावतात. तालुक्याच्या रस्त्यावर पाच वाजता दिसणारी पोरं-पोरी भरतीची असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सैन्याची भरती वेगळी. त्यांच्यासाठी धावणं म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे घर. याच मातीतून नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आली, साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर आली, बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आला. त्याने २०२०मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत संपवली. दुसरा प्रकार म्हणजे शहरातला पस्तीस-चाळिशीचा माणूस. रक्तदाबाचा किंवा साखरेचा अहवाल हातात पडल्यावर, नाहीतर ऑफिसातल्या एखाद्या मित्राच्या नादानं तो धावू लागतो. या लेखातला हिशेब याचा आहे. पहिला प्रकार इथे आणायचं कारण एवढंच, की दुसरा पुष्कळदा पहिल्याच्या सरावाची नक्कल करतो. विशीतल्या, रोज दोन वेळा मैदानावर जाणाऱ्या, दुपारी झोपणाऱ्या धावपटूचा तक्ता मोबाइलवर येतो, आणि लोकलमध्ये दोन तास उभा राहणारा माणूस तो जसाच्या तसा पाळायला जातो.

पहिल्या वर्षाची सुधारणा मात्र खरी असते. नियमित धावायला लागल्यावर काही आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पाच किलोमीटरला धापा टाकणारा माणूस चार महिन्यांत दहा किलोमीटर गप्पा मारत जातो. त्याला वाटतं, आपल्याला हे जमतंय. जमतही असतं, पण फक्त हृदयाला आणि फुप्फुसांना. अस्थिबंध, स्नायूंची टोकं हाडाला बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं यांना त्याच पातळीवर यायला महिनोन्‌महिने लागतात. इंजिन आधी तयार होतं आणि चाकं मागून. मधल्या या काळात नडगी दुखते, टाचेखाली सकाळी पहिलं पाऊल टाकताना कळ येते, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची पट्टी आवळते, आणि वाईट नशीब असेल तर पावलाच्या हाडाला बारीक तडा जातो. हौशी धावकाच्या बहुतेक दुखापती पडण्या-धडपडण्याच्या नसतात. दम पुरतो म्हणून पाय पुरतील असं गृहीत धरल्याच्या असतात.

यावर सगळ्या प्रशिक्षकांच्या तोंडी एक नियम असतो : आठवड्याचं अंतर दर वेळी दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. नियम सोपा असल्यानं तो लाडका झाला. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तो तपासून पाहिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५३२ नवशिक्यांचे दोन गट होते; एकाने तेरा आठवड्यांत हळूहळू अंतर वाढवलं, दुसऱ्याने आठच आठवड्यांत. दोन्ही गटांत साधारण पाचांतला एक जण जायबंदी झाला. फरक जवळपास शून्य. मग अंतर कसंही वाढवावं का? तसं नाही. २०२५मध्ये आलेल्या, पाच हजारांवर धावकांच्या घड्याळांतल्या नोंदींवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासाने बोट ठेवलं ते वेगळ्याच जागी. आठवड्याची बेरीज फारसं काही सांगत नव्हती. मागच्या महिन्याभरातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एकाच दिवशी अचानक बरंच जास्त धावलेल्यांना दुखापत अधिक झाली होती. आपल्या ग्रुपांच्या रविवारच्या 'लाँग रन'ला हे नेमकं लागू पडतं. आठवडाभर कामामुळे धावणं झालेलं नसतं, आणि रविवारी सगळे पंचवीस करणार म्हणून हाही पंचवीस करतो.

दुसरा मोठा मुद्दा वेगाचा, आणि या साऱ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी साठच्या दशकात आपल्या ऑलिम्पिक विजेत्यांकडून आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर संथ धाव काढून घेतली, आणि त्याच काळात ऑकलंडमधल्या पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या माणसांनाही धावायला लावलं. सांगणं एकच : धावताना बोलता आलं पाहिजे. पुढे स्टीफन सायलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी चाळल्या, तेव्हा सुमारे ऐंशी टक्के सराव हलका आणि वीस टक्के खरोखर कठीण असं चित्र निघालं. हौशी धावक नेमका उलट वागतो. त्याची हलकी धाव पुरेशी हलकी नसते, म्हणून कठीण दिवशी अंगात कठीण धावायचं बळ उरत नाही. सगळे दिवस मधल्याच वेगाने जातात आणि दोन वर्षांनी वेळ सुधारणं थांबतं.

हे सगळ्यांना माहीत असतं, तरी का घडतं? आपल्याकडे धावणं ग्रुपमध्ये चालतं, आणि ग्रुपमध्ये सावकाश धावणं हा अब्रूचा प्रश्न होतो. शिवाय प्रत्येक धाव अॅपवर जाते. तिथं सरासरी वेग सगळ्यांना दिसतो, आदल्या रात्री बाळामुळे झोप झाली नव्हती हे दिसत नाही. माझ्या ओळखीचे एक काका साठीनंतर धावायला लागले आणि आजही धावतात. त्यांच्याकडे घड्याळ नाही. त्यांच्या बरोबरीने सुरुवात केलेले, त्यांच्याहून कितीतरी वेगवान असलेले लोक केव्हाच थांबले. एका उदाहरणावरून सिद्धान्त काढू नये हे मलाही कळतं, पण असे काका प्रत्येक ग्रुपमध्ये एखाददुसरे सापडतातच.

आता हवामान. प्रशिक्षणाची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली आहेत आणि तिथल्या वर्षाला दोन हंगाम असतात, वसंत आणि शरद. आपला धावक जूनमध्ये पावसात सुरुवात करतो, पावसाळा सरता सरता साताऱ्याला जातो, ऑक्टोबरच्या उन्हात भाजतो, डिसेंबरात पुण्याला धावतो, जानेवारीत मुंबईला. म्हणजे पाचेक महिन्यांत तीन वेळा शिखर गाठायचं. शर्यतीआधी दोन-तीन आठवडे सराव कमी करायचा असतो, नंतर तितकेच आठवडे विश्रांती हवी असते. हे जमेस धरलं तर मधे खऱ्या सरावाला किती दिवस उरतात ते ज्यानं त्यानं मोजावं. साताऱ्याची तर तऱ्हाच निराळी. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जायचं आणि तोच घाट उतरून यायचं. चढाला सगळे घाबरतात, पण मोडतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच ताण झेलतात, आणि त्यांची खरी दुखणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतात. असे पाय घेऊन चौथ्या दिवशी मुंबईच्या तयारीला लागणारे लोक दरवर्षी भेटतात.

मुंबईचा त्रास चढाचा कमी, उष्म्याचा जास्त. पेडर रोडचा चढ बदनाम झाला तो उंचीमुळे नव्हे. तो पस्तिसाव्या किलोमीटरनंतर येतो आणि तोवर सूर्य डोक्यावर आलेला असतो. जगभरच्या मॅरेथॉनांच्या निकालांवरून एक गोष्ट पक्की झाली आहे : पारा पाच-दहा अंशांच्या वर चढू लागला की वेळ घसरू लागते, आणि वेगवान धावकांपेक्षा सावकाश धावणाऱ्यांची जास्त घसरते. ते उन्हात जास्त वेळ राहतात आणि दाटीत धावतात. म्हणून अर्धमॅरेथॉनच्या वेळेवरून पूर्ण मॅरेथॉनची वेळ सांगणारे परदेशी तक्ते मुंबईत हमखास फसवतात.

त्यात 'वॉल'ची, म्हणजे अंगातला साठा संपून पाय अचानक अडण्याची, भर. हिशेब सोपा आहे. ६५ किलोच्या माणसाला एक किलोमीटर धावायला साधारण ६५ कॅलरी लागतात. पूर्ण अंतराला २,७०० च्या आसपास. स्नायू आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनपासून मिळतात सुमारे २,०००. बाकीचं चरबीतून यायला हवं, पण वेग जितका जास्त, तितकं शरीर चरबी सोडून साखरेकडे धावतं. पहिले दहा किलोमीटर गर्दीच्या उत्साहात किलोमीटरमागे वीस सेकंद वेगानं गेलेल्या माणसाला बत्तिसाव्या किलोमीटरला पोटरीत गोळे का येतात आणि पाय शिशाचे का होतात, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे. आदल्या रात्रीचा पास्ता ही चूक दुरुस्त करू शकत नाही. आणि मराठी घरात साठा करायला भात पुरेसा आहे.

पाण्याबद्दल आपल्याकडे एकच सल्ला चालतो : भरपूर प्या. तो अर्धवट आहे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या रेषेखाली निघालं. जास्त धोका होता तो धावताना वजन वाढलेल्यांना, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांना, आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना. आपले बहुतेक हौशी धावक याच गटात मोडतात. दमट हवेत मिठाचा घाम जातो आणि प्रत्येक टेबलावर साध्या पाण्याची बाटली हातात येते. तहान लागेल तसं पिणं आणि मधूनमधून मीठ-साखर घेणं, इतकं साधं शहाणपण पुरतं.

हृदयाचा विषय टाळता येत नाही, कारण धावताना कोणी कोसळला की आठवडाभर तीच चर्चा असते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात सुमारे १ कोटी ९ लाख धावकांमागे ५९ हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटना नोंदल्या गेल्या, म्हणजे १ लाख ८४ हजारांत एक. त्यांतले ४२ जण दगावले. पुढच्या तेरा-चौदा वर्षांच्या नोंदींत घटनांचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, पण मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. श्रेय जातं छाती दाबून हृदय चालू ठेवू शकणाऱ्या आसपासच्या माणसांना आणि रस्त्यावर ठेवलेल्या विद्युतधक्का देणाऱ्या यंत्रांना. धावणं सोडावं असं या आकड्यांत काही नाही. चाळिशीनंतर, घरात हृदयविकार असताना, मधुमेह असताना तपासणी न करता पूर्ण मॅरेथॉनला नाव घालणं मात्र निव्वळ बेफिकिरी आहे. छातीत जडपणा असताना 'भरलेले पैसे फुकट जातील' म्हणून सुरुवातीच्या रेषेवर उभं राहणं त्याहून वाईट.

गुडघ्यांची भीती मात्र बरीचशी खोटी. नातेवाईक हटकून म्हणतात, गुडघे झिजतील. २०१७च्या एका एकत्रित अभ्यासात हौशी धावकांमध्ये गुडघा किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, बैठ्या माणसांत १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत ते १३ टक्क्यांच्या वर होतं, म्हणजे अतिरेकाला इथेही माफी नाही. शिवाय ज्यांचे गुडघे दुखतात ते आधीच धावणं सोडतात, हेही या आकड्यांमागे असणारच.

स्त्रियांच्या धावण्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा. ऑलिम्पिकमध्ये त्यांना मॅरेथॉन मिळाली तीच मुळी १९८४ साली. आपल्याकडे आज साडी नेसून धावणाऱ्या बायकांचे फोटो छापून येतात, ते येऊ देत. पण पहाटे पाचला अंधाऱ्या रस्त्यावर एकटीने पंधरा किलोमीटर धावणं किती जणींना शक्य आहे, घरी डबे कोण करतं, हे प्रश्न त्या फोटोत मावत नाहीत. त्यात रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. दम का पुरत नाही म्हणून प्रशिक्षक बदलणाऱ्या, जास्त घाम गाळणाऱ्या बाईची अडचण हिमोग्लोबिनच्या तपासणीत सापडण्याची शक्यता मोठी आहे. आणि वजन उतरवण्याच्या भरात जेवण कमी करून अंतर वाढवलं, पाळी अनियमित झाली, तर पुढचा बळी हाडांचा असतो. पाळी चुकणं ही सरावाची पावती आहे असं सांगणारा प्रशिक्षक तिथल्या तिथे बदलावा.

बुटांबद्दल थोडक्यात. कार्बनची पट्टी घातलेले वीस हजारांच्या घरातले बूट वेगवान धावपटूंची ऊर्जा सुमारे चार टक्के वाचवतात असं प्रयोगशाळेत दिसलं. ताशी दहा किलोमीटरच्या वेगाला हाच फायदा एक टक्क्याच्या आसपास उतरतो, आणि काहींना तोही मिळत नाही. ताशी दहा म्हणजे मॅरेथॉन सव्वाचार तासांत. आपल्यातले बहुसंख्य त्याहून सावकाश.

राहिली गोष्ट मनाची. शर्यत झाल्यावर आठवड्याभरात जी पोकळी येते, तिचा उपाय म्हणून लोक लगेच पुढच्या शर्यतीत नाव घालतात, आणि दुखापतींचं वर्तुळ इथून पुन्हा सुरू होतं. याउलट २०२१ आणि २०२२ साली मुंबईची शर्यत झालीच नाही. तेव्हा कित्येकांचं धावणं सुटलं, पण जे उरले त्यांच्यातल्या काहींनी पहिल्यांदाच तारखेशिवाय धावून पाहिलं. सराव सुटला की दोन-तीन आठवड्यांत दम कमी होऊ लागतो हे खरं, पण जुन्या धावकाचं गेलेलं बळ नवशिक्यापेक्षा लवकर परत येतं. म्हणून दुखणाऱ्या टाचेला दीड महिना दिल्यानं आयुष्य बुडत नाही. वय वाढलं की वेळ घसरणारच. पन्नाशीतल्या माणसानं चाळिशीतल्या आपल्याशी शर्यत लावली तर तो हरणार हे ठरलेलं आहे. तिथे 'स्वतःशी स्पर्धा' हे वाक्य सोडून द्यावं हे बरं.

माझं मत सरळ आहे. हौशी धावकाने वर्षात एकच शर्यत मनापासून धावावी, फार तर दोन. बाकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवायला जावं. धावकांच्या प्रत्येक ग्रुपने वर्षातून एकदा छाती दाबून प्राण वाचवण्याचं प्रशिक्षण घ्यावं. आणि आयोजकांना एक विनंती. विजेत्यांची नावं आणि सहभागाचे आकडे तुम्ही छापताच. त्यांच्यासोबत किती जण सुटले, किती पोचले, किती जणांना वैद्यकीय तंबूत न्यावं लागलं, किती जणांना रुग्णालयात, आणि त्या सकाळी दर तासाला तापमान व दमटपणा किती होता, हेही दरवर्षी जाहीर करा. या लेखातले धावकांविषयीचे वैद्यकीय आकडे मला अमेरिका आणि युरोपातून आणावे लागले. आपल्या हवेतले, आपल्या धावकांचे आकडे तुमच्याकडे आहेत.